बाबा आता आधी माझ्याकडे येतात

फोथाराम, थायलंड,
१९ जानेवारी १९९६

चि. सायपिन हिस,
लमूनताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इस्पितळात होते, म्हणून उत्तराला उशीर. आता फुगून बसू नकोस. ताप डोक्यात शिरला होता असं डॉक्टर म्हणाले. मी सगळा वेळ झोपूनच होते, त्यामुळे माझे काही हाल झाले नाहीत. हाल झाले बाबांचे. घरात चूल नाही, बाजारात माझी खाण्याची गाडी बंद, आणि मोठी लेक हाकेला ओ देत नाही. हुआय मावशी सांगत होती, की तेवढ्या दिवसांत त्यांनी बाजारातली एकही गाडी सोडली नाही आणि तरी पोट भरत नाही म्हणून सगळ्यांपाशी कुरकुरत राहिले.

तू लिहिलंयस, संध्याकाळच्या बाजारात सध्या काय काय मिळतं ते सगळं कळव, एक पदार्थ वगळू नकोस. कळवते, मग तिकडे रडत बसू नकोस. विहाराच्या भिंतीपासून नदीच्या घाटापर्यंत दिवे लागले, की पहिला वास प्रानीच्या गाडीचा. डुकराच्या मांसाच्या काड्यांना ती आता नारळाचं दूध फासून भाजते. त्याच्या पुढे सुका माकूल चरकातून काढणारा काका, त्याच्या पुढे आप्पेवाली. म्हातारी आप्पेवाली गेली, आता सून बसते. आप्पे तेच, तोंड दुप्पट. हुआय मावशी अजून कालवांचं धिरडं तव्यावर आपटते आणि गिऱ्हाइकांनाही तसंच आपटते. बाबांची फेरी ठरलेली: दोन काड्या, अर्धं धिरडं, चार आप्पे आणि शेवटी, आता पोटात जागा नाही असं म्हणत म्हणत, माझ्या गाडीवर तांदळाच्या शेवया आणि माशाची नारळी आमटी. त्याही दोनदा.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. तापात माझी जीभ गेली, सायपिन. बोलायची नव्हे, तू लगेच खूश होऊ नकोस. चवीची गेली. नाकही गेलं. मासा, मिरची, गलांगलचं मूळ, सगळं तोंडात ओल्या कापसासारखं लागतं. लसूण जळला तर काळा दिसल्यावरच कळतं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले येईल परत, किंवा येणारही नाही.

हे कुणाला सांगायचं नाही. बाबांना तर नाहीच. शाळा तू शिकलीस, मी शिकले नाही. लग्नही केलं नाही. या गावात मी कोण, तर आमटीवाली लमून. जीभ गेलेल्या बाईच्या हातचं कोण खाईल? आई म्हणायची, चव हाताला असते. हात माझे शाबूत आहेत. सोमवारपासून गाडी उघडलीय. पहिल्याच दिवशी केवढी गर्दी, आणि सगळे म्हणाले छान झालंय. म्हणजे हात आठवण ठेवून आहेत.

तब्येत सांभाळ. तुझा लोभ तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस, एवढीच मागणी.
तुझी,
लमूनताई


थाओयुआन, तैवान,
११ फेब्रुवारी १९९६

ती. लमूनताईस,
सायपिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्याच्या खानावळीत बसून वाचलं. ताटात उकडलेला कोबी होता आणि कागदावर प्रानीच्या काड्या. हा छळ मीच मागून घेतला, म्हणून काही बोलत नाही. आमच्या खोलीतल्या सगळ्या मुलींना वाचून दाखवलं. आप्प्यांपाशी आल्यावर कोरातची एक मुलगी उठून बाहेर गेली.

खालचा भाग मात्र कुणाला दाखवला नाही. ताई, तू तापातून उठलीस हेच खूप आहे. पण हाताला चव असते हे आईचं म्हणणं मला काही पूर्ण पटत नाही, आणि मला पटत नसलं की मी गप्प बसत नाही हे तुला ठाऊक आहे. आईही पळीभर आमटी तळहातावर घेऊन चाखल्याशिवाय झाकण उघडायची नाही. हात करतो, पण जीभ पहारा देते. तुझा पहारेकरी गेलाय. तेव्हा दुसरा ठेव.

आणि दुसरा घरातच बसलाय. बाबांइतकी चोखंदळ जीभ फोथाराममध्ये कुणाची आहे? आमटीत झिंग्यांचा खार चमचाभर कमी पडला तर दुसऱ्या दिवसापर्यंत बोलत राहतात. त्यांना कारण सांगू नकोस. वडीलधाऱ्यांनी आधी चाखावं अशी माझी इच्छा आहे म्हण, म्हातारे मानाला भुलतात. गाडी नेण्याआधी त्यांच्यापुढे वाटी धर. ते काय म्हणतील तसं कर. मीठ म्हणाले तर मीठ, आंबट म्हणाले तर चिंच.

माझा करार संपायला अजून वर्ष आहे. आले की पहिली संध्याकाळ मी बाजारात घालवणार, घरी सामान तू ने. माझ्यावरचा लोभ थोडा त्या गाडीवर बांधून ठेव, मी येऊन खाईन.
तुझी,
सायपिन


फोथाराम,
८ मार्च १९९६

चि. सायपिन हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्कल तुझीच चालली हे कबूल करते, एरवी केलं नसतं. बाबा आता रोज दुपारी वाटी घेऊन बसतात. मान दिल्यासारखा चेहरा करून आधी डोळे मिटतात, मग घोट घेतात. मी जीव मुठीत धरून उभी असते. मग म्हणतात, अगदी तुझ्या आईसारखी. रोज हेच. एकदा म्हणाले, थोडं पाणी घाल. दुसऱ्यांदा म्हणाले, आज चिंच पुरे. बाकी कधी खोड काढली नाही. त्यांच्या जिभेला इतकी वर्षं खोड काढायची सवय, तीसुद्धा गेली बघ.

आणखी एक ऐक. बाबा आता आधी माझ्याकडे येतात. पूर्वी फेरी संपवून, ढेकर देत शेवटी यायचे ना? आता दिवे लागायच्या आत येऊन पहिल्या बाकावर बसतात. भुकेल्या पोटी माझ्या शेवया खातात, ताट पुसून ठेवतात, आणि मग पुढे प्रानीकडे वगैरे जातात. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. आईलाही त्यांनी कधी हा मान दिला नव्हता.

गिऱ्हाइकांना मात्र शिस्त राहिलेली नाही. बाकावर बसून कुणी खायला तयार नाही, सगळ्यांना पिशवीत बांधून हवं असतं. घाई सगळ्यांना. शाळेच्या बाई, सायकलवाला, स्टेशनवरचे हमाल, सगळे पिशव्या घेऊन जातात. रबरं किलोनं आणावी लागतात. जे बसतात ते खारवलेल्या मोहरीच्या पाल्याचा ढीग ताटात घेतात, वर साखर, वर लिंबू, वर मिरची, आणि मग शेवया शोधत बसतात. मी एकाला म्हटलं, अरे, पाला खायचा तर विहाराच्या गाईबरोबर जेव. तो कान लाल करून हसला आणि छान झालंय म्हणाला. हल्लीच्या लोकांना जीभच नाही. हे मी म्हणावं!

थोडक्यात, कुणाला काही कळलेलं नाही आणि धंदा उत्तम आहे. उन्हाळा मात्र लवकर आलाय. तुझा लोभ आहे तोवर मला पंखा लागत नाही.
तुझी,
लमूनताई


फोथाराम,
२४ मार्च १९९६

चि. सायपिन हिस,
किमहुआय मावशीचा आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही. माझं अक्षर कालवाच्या शिंपल्यासारखं आहे आणि मला ते ठाऊक आहे. तरी लिहितेय, म्हणजे समज.

तुझी ताई काही बोलत नाही, पण सगळ्या बाजाराला कळलंय. बाई भाजत्या लसणाशेजारी उभी राहते, लसणाचा कोळसा होतो, आणि ती माझ्याशी सिनेमाच्या गप्पा मारते. आमटीत मीठ दोनदा पडतं. एखाद्या दिवशी एकदाही पडत नाही. तेवढ्यानं कुणी मरत नाही, पाला-साखर घालून माणूस गिळतो. पण आता उन्हाळा लागलाय. नारळाचा रस दुपारी काढला तर संध्याकाळपर्यंत आंबतो. तुला मला तो झाकण उघडल्याबरोबर कळतो. तिला कळत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा तिनं तोच रस पुन्हा उकळून वाढला.

तू म्हणशील, मग सांगत का नाही कुणी. अगं, कोण सांगणार? ती इस्पितळात होती तेव्हा अर्ध्या बाजारानं तिच्यासाठी देवळात नवस बोलले. ती उठून आली तर सगळे रडले. आता तिलाच जाऊन म्हणायचं, की बाई, तुझं खाववत नाही? आणि असं म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्याच शेजारी गाडी लावायची? तिचं तोंड पडेल ते कुणाच्यानं बघवणार नाही. म्हणून लोक पिशवीत बांधून नेतात. पिशव्या कुठे जातात ते घाटावर येऊन बघ. विहाराची कुत्रीसुद्धा आता वास घेऊन बाजूला होतात.

तुझ्या बाबांना सगळं माहीत आहे. मी त्यांना गाठून विचारलं, की अहो, तुम्ही तरी बोला. तर म्हणाले, तिला दुसरं काय येतं? गाडी बंद झाली तर ती उरेल कशाला? आधी तिच्याकडे का जातात माहीत आहे? पोटात आग पडलेली असली तर घास उतरतो, नाहीतर उतरत नाही, असं म्हणाले. आणि मला बुद्धाची शपथ घातली. मी ती आत्ता मोडतेय, पाप माझ्या माथी.

तूच लिही. तू सख्खी बहीण, लहानपणापासून तोंडफाटकी, आणि दूर आहेस. वाचताना तिचं तोंड तुला दिसणार नाही. इथल्या कुणाला ते जमणार नाही, मलाही नाही. लवकर लिही. म्हातारीवर माया ठेव.
तुझी,
हुआय मावशी


थाओयुआन,
३ एप्रिल १९९६

ती. लमूनताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. बाबा आधी तुझ्याकडे येतात हे वाचून तर फारच. इकडे सगळं ठीक आहे. नवा पर्यवेक्षक आलाय, तो चालताना बदकासारखा चालतो, आम्ही त्याच्यामागे तसंच चालतो.

तुला एक सांगायचं होतं. म्हणजे विशेष काही नाही. मी असा विचार करत होते, की तू तापातून नुकती उठलीस, आणि यंदा उन्हाळा फार कडक आहे असं सगळे म्हणतात. तर पावसाळ्यापर्यंत गाडी बंद ठेवून आराम का करू नयेस? किंवा गाडी लावायचीच तर शेवया नकोत, नुसती केळी भाज. केळ्यांना फार बघावं लागत नाही. नारळ वाटायचा त्रास वाचेल, तुझे खांदे दुखतात. लोकही उन्हाळ्यात आमटी कमीच खातात, नाही का? मी आपलं सुचवलं. तुझ्या मनाला येईल तसं कर.

बाबांनाही वयाच्या मानानं जरा हलकं खाऊ दे. भाताची पेज वगैरे. सोंगक्रानच्या नववर्षाला माझ्या वाटचं सुगंधी पाणी त्यांच्या हातावर घाल आणि माझ्यासाठी आशीर्वाद माग.

खूप लिहायचं होतं, पण घंटा झाली. माझं काही चुकत असेल तर पोटात घाल, आणि लोभ कमी करू नकोस.
तुझी,
सायपिन


फोथाराम,
१४ एप्रिल १९९६

चि. सायपिन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझ्या खांद्यांची इतकी काळजी तुला कधीपासून? हुआय मावशीला वाचून दाखवलं, तर ती धिरडं उलटायचं सोडून माझ्याकडे बघतच राहिली. केळी भाजायला मी काय म्हातारी झाले? माझे खांदे धड आहेत हे तुला कळावं म्हणून सोंगक्रानला मी दुप्पट नारळ फोडले.

काल बाबांच्या हातावर पाणी घातलं, आधी माझं, मग तुझ्या नावाचं. तुला आशीर्वाद दिलाय, पुढच्या सोंगक्रानला घरी ये असा. संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. बँकॉकहून आलेली माणसं, सगळी भिजलेली, पोरांच्या हातात बादल्या. आणि ऐक काय झालं. काळा चष्मा लावलेला बँकॉकचा एक पोरगा बाकावर बसला, एक घास घेतला आणि सगळ्यांच्या देखत थुंकला. वर मोठ्यानं म्हणाला, की हे नासलंय, फेकून द्या. रांगेतली माणसं आपापल्या पिशव्यांकडे बघू लागली. तेवढ्यात बाबा उठले. हसत हसत म्हणाले, की बँकॉकच्या लोकांना डब्यातला नारळ खायची सवय, खऱ्या नारळाची चव त्यांना कशी कळणार? आणि त्याच्या समोर बसून त्यांनी ताट मागून घेतलं. ते संपवलं. मग दुसरं मागितलं, तेही संपवलं. वाटी तोंडाला लावून आमटी प्याले. सगळा बाजार बघत होता. तो पोरगा उठून गेला, आणि मी त्याच्यामागे इतकी हसले, की पळी हातातून पडली. बाबांनी माझी लाज राखली असं मावशीला म्हटलं, तर तिनं तोंड फिरवलं. तिला उन्हानं डोकं दुखत होतं.

आज बाबांचं पोट जरा बिघडलंय. दोन ताटं जास्तच झाली. पेज केलीय, ती देऊन येते आणि मग पुढचं लिहिते.

२३ एप्रिल

वरचं पत्र तसंच राहिलं. मावशीनं तुझ्या कारखान्यात फोन केला होता आणि तुला सुटी मिळाली नाही, हे कळलं. त्यामुळे बाबा गेले हे तुला आता नव्यानं लिहीत नाही. पंधराला पहाटे गेले. रात्रभर उलट्या, मग जुलाब, मग बोलणं बंद. तालुक्याच्या इस्पितळात नेलं तेव्हा हात गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं. सात रात्री विहारात पठण झालं. रोज एवढी माणसं आली, की चटया पुरल्या नाहीत. सगळे मला धरून म्हणत होते, हृदय होतं, हृदय होतं. काल अग्नी दिला.

मला पुढे काही सुचत नाही. तू जेवत जा.
लमूनताई


फोथाराम,
२९ एप्रिल १९९६

चि. सायपिन हिस,
आशीर्वाद.

तुझ्या बाबांच्या अस्थी नदीत सोडल्या, मी बरोबर होते. तुझ्या नावानंही फुलं सोडली.

तुला खरं लिही म्हटलं आणि तू केळी भाज असं लिहिलंस. पोरी, तुला मी काय बोलू. माझी गाडी तिच्या गाडीला लागून आहे, सोंगक्रानच्या संध्याकाळी तिच्या पातेल्यातून आलेला आंबूस वास मला आला होता, आणि मी डोकं दुखतं म्हणून तोंड फिरवलं. त्या पोराला बाहेरगावचा म्हणून बोलता आलं. आपल्यापैकी कुणाला आलं नाही. तुझ्या बाबांनी दुसरं ताट मागितलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि हात टेबलाखाली मूठ वळून होता. मी ते पाहिलं. प्रानीनंही पाहिलं. त्या रात्री आणखी काही जणांची पोटं बिघडली. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, कैऱ्या बाधल्या.

डॉक्टर हृदय म्हणाले, तेच आम्ही सगळे म्हणतोय. तूही तेच म्हण. आधी मी तुला खरं लिही म्हणाले होते, आता ते विसर. गेलेला माणूस परत येत नाही, आणि जी उरलीय ती हे ऐकून उरणार नाही. शपथ घालत नाही, माझी शपथ कुणी पाळत नाही. पण ऐक. माया असू दे.
तुझी,
हुआय मावशी


फोथाराम,
१२ जून १९९६

चि. सायपिन हिस,
अनेक आशीर्वाद.

गाडी अजून लावलेली नाही. ताडपत्री घालून घाटाच्या भिंतीला उभी आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, की कधी उघडणार, तुझ्या शेवयांशिवाय बाजार सुना वाटतो. शाळेच्या बाई विचारतात, हमाल विचारतात. पूर्वी हे ऐकून मला बरं वाटलं असतं. आता त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. कुणी हसताना जरा जास्तच हसलं, की घरी येऊन झोप लागत नाही.

माझ्या मनात काय आहे ते तुला कळलंच असेल. इथे मी ज्याला विचारलं त्यानं एकच उत्तर दिलं, हृदय. विचारायच्या आतच देतात. मावशीला विचारलं, तर ती ओरडली की डॉक्टरपेक्षा तू शहाणी का, आणि मग कांदा चिरत नव्हती तरी डोळे पुसले. माझी जीभ गेलीय हे तुझ्याशिवाय मी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना चाखायला बसव, हे तू सुचवलंस. म्हणून तुला विचारते. तुझ्या कानावर इथून काही आलंय का? माझी आमटी त्या दिवशी चांगली होती का? मला वास येत नव्हता, पण बाकीच्यांना येत होता ना?

आणखी एका गोष्टीसाठी हे कळायला हवं. जुलैच्या शेवटी बाबांचा शंभरावा दिवस. त्या दिवशी त्यांच्या आवडीचं भिक्खूंना वाढायचं, म्हणजे ते त्यांना पोचतं. सगळे म्हणतात, दुसरं काय वाढणार, लमूनच्या शेवया. जिवंतपणी रोज आधी तिच्याकडे यायचे. मी नारळ आणून ठेवलेत. पण जर त्यानंच ते गेले असतील, तर मी तेच ताट त्यांच्यापुढे पुन्हा कसं ठेवू? हो असेल तर हो लिही. मी ते सोसेन. न सांगितलेलं मात्र आता सोसवत नाही.

तू लहानपणी माझी पहिली आमटी खाऊन ती भांडी धुतलेल्या पाण्यासारखी लागते म्हणाली होतीस. मी तुला मारलं होतं. आता मारणार नाही. लोभ असेल तर खरं लिही, नसला तरी खरंच लिही.
तुझी,
लमूनताई


थाओयुआन,
३० जून १९९६

तीर्थस्वरूप लमूनताईंस,
सायपिनचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

तुमचं पत्र पोचलं. ताई, असा विचार मनात आणू नये. मला इथून काहीही वेगळं कळलेलं नाही. बाबांचं हृदयच होतं. त्यांचं वय झालं होतं आणि उन्हाळा कडक होता. तुमच्या हातची आमटी खाऊनच ते इतकी वर्षं सुखानं जगले, सगळा गाव याला साक्ष आहे. डॉक्टर शिकलेले असतात, त्यांना कळतं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नये ही हात जोडून विनंती. बाबांना त्याचं वाईट वाटेल.

शंभराव्या दिवसाबद्दल मला वाटतं, की तुम्ही दगदग करू नये. भिक्खूंना फळं वाढावीत. फळंही बाबांना आवडायचीच. जुलैत हवा दमट असते आणि नारळाचं काही सांगता येत नाही, म्हणून शेवया नकोत. बाकी काही कारण नाही.

करार संपला की मी येतेच आहे. आपण दोघी मिळून ठरवू. आपला लोभ माझ्यावर निरंतर राहावा.
आपली,
सायपिन


फोथाराम,
१५ जुलै १९९६

चि. सायपिन हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाबांचं हृदयच होतं असं तू लिहिलंस. त्याच कागदावर खाली लिहिलंस, की भिक्खूंना शेवया वाढू नका, नारळाचं काही सांगता येत नाही. दोन्ही ओळी मी नीट वाचल्या. मला हवं होतं ते उत्तर मिळालं.

तुझ्यावर राग नाही. जन्मात कधी तू मला अहो-जाहो केलं नव्हतंस, ते लिहिताना तुझा हात कसा चालला असेल ते मला दिसतं. इथल्या कुणावरही राग नाही. रात्री पडल्या पडल्या एकेक आठवत गेलं. पिशव्यांना लागलेली रबरं. पाल्याचे ढीग. बाबा वाटी घेऊन डोळे मिटायचे ते कशासाठी. भुकेल्या पोटी आधी माझ्याकडे का यायचे. हे सगळं रोज माझ्या समोर होत होतं. जीभ गेली होती, डोळे नव्हते गेले. तरी मी ते बघून खूश होत होते. सगळ्या बाजारात एकट्या त्या बँकॉकच्या पोरानं मला खरं सांगितलं, आणि मी त्याला हसले. तो पोरगा आता कुठे सापडेल, म्हणजे त्याच्या पाया पडता येईल, असं मनात येतं.

पातेली आणि पळ्या विहाराच्या स्वयंपाकघरात देऊन आले. गाडी आप्पेवालीच्या दिरानं नेली. शंभराव्या दिवशी केळी आणि रामबुतान वाढीन, काळजी करू नकोस.

घरी चूल पेटवत नाही. संध्याकाळी बाजारात जाऊन बसते. प्रानी काड्या आणून देते, मावशी धिरडं देते, आप्पेवाली आप्पे. देऊन झालं की समोर उभ्या राहून विचारतात, कसं झालंय. मला काहीच लागत नाही. मी म्हणते, छान झालंय. मग त्यांना बरं वाटतं आणि त्या आपापल्या गाडीवर जातात.

लोभ असावा असं पत्राच्या शेवटी लिहायची आपली रीत आहे. यापुढे मी ते लिहिणार नाही. सगळ्यांचाच माझ्यावर फार लोभ होता. बाबांचा सगळ्यांत जास्त होता.

लमून